मागच्या दारावरचे देश

माझ्या दुकानावरून गेल्याशिवाय या देशातून बाहेर पडता येत नाही. फुशारकी मारत नाही, रस्ताच तसा आहे. शेवटचं वळण, वळणावर माझं दुकान, पुढे नाका आणि नाक्यापलीकडे दुसरा देश. गाडी घेऊन पलीकडे जायचं तर गाडीच्या पाठीवर, पांढऱ्या लांबट गोलात, आपल्या देशाची काळी अक्षरं लागतात. नंबरप्लेट वेगळी, हे वेगळं. नंबरावरून कळतं गाडी कुणाची, आणि अक्षरांवरून कळतं गाडी कुठली. लोक घरून उशा घेतात, छत्र्या घेतात, कुत्रं घेतात, आणि नेमकी अक्षरं विसरतात. मग माझ्या दारात करकचून ब्रेक लागतो.

"बाई, पटकन एक चिकटवा हो!"

"पटकन चिकटवलेलं पटकन निघतं," मी म्हणते. "खाली उतरा, मला आधी धूळ पुसू दे."

माझं काम असं आहे. बाजारात मिळणारी स्टिकरं दोन पावसात सोलून निघतात. माझी नाही निघत. गोंद मी स्वतः बनवते आणि त्यात काय घालते ते आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. 'गाडी भंगारात जाईल, अक्षरं जाणार नाहीत' असं दुकानाच्या दारावर लिहूनच ठेवलंय मी. आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

तिकडून इकडे येणाऱ्यांचीही हीच रड. कुणाची अक्षरं वाटेत पडलेली, कुणाची धुऊन गेलेली. त्यांच्यासाठी मी आमच्या व्हॅनच्या मागच्या दारावर नमुने लावले. या रस्त्यानं जेवढ्या देशांच्या गाड्या जातात तेवढ्या सगळ्यांची अक्षरं, ओळीनं, वरपासून खालपर्यंत. व्हॅन दुकानाबाहेर उभी, पाठ रस्त्याकडे. परक्या मुलखात माणसाला लांबून आपली अक्षरं दिसली की तो थांबतोच. त्या दारानं आणलेली गिऱ्हाइकं मी कधी मोजली नाहीत, पण घर चाललं ते त्या दारावरच. व्हॅन म्हणून तिचा उपयोग एवढाच, की आमचे हे कधीमधी तिच्यातून बाजारात जाऊन नंबरप्लेटांसाठी, दुकानांच्या पाट्यांसाठी पत्रे घेऊन येतात.

आता मनीचं सांगते. मनी माझी एकुलती एक. कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा मांजरीच्या पिलाएवढी होती, ती मनीच राहिली. दुकानात रांगली, दुकानात वाढली. कात्रीला हात लावू नको म्हणून मी ओरडायचे आणि ही माझ्यापेक्षा सरळ अक्षर कापून समोर धरायची. माझ्या मनात पक्कं होतं, दुकान मायलेकींचं. आणि एक दिवस बया म्हणते, "पलीकडे एका गॅरेजात रंगकामाला जातेय. थोडे दिवस."

कसले थोडे दिवस! तिकडे खोली घेतली, तिकडची भाषा शिकली, तिकडचे कागद केले. मी रुसले. रुसणारच! आईनं रुसायचं नाही तर काय शेजारणीनं रुसायचं? सुरुवातीला ती बसनं यायची. मी तिच्या आवडीचं रांधायची, पण बोलायची ह्यांच्यामार्फत. "तिला विचारा, भाजी हवी का." ती म्हणायची, "बाबा, तिला सांगा, हवी." टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती, आणि मध्ये आमचे हे, टेलिफोनच्या खांबासारखे. मग तिचं येणं कमी झालं, आणि मग थांबलंच.

गेल्या महिन्यात खांबावर निरोप आला.

"मनीचा फोन होता," हे म्हणाले. "स्वतःचं दुकान काढतेय. नंबरप्लेटा, पाट्या, तुझंच सगळं. शनिवारी अकराला उघडणार. म्हणाली, शटर आईनं वर करायचं. आई आली नाही तर त्या दिवशी शटर उघडणार नाही. आणि यापुढे आईला कशाला म्हणून बोलावणारही नाही."

"म्हणजे धमकी!"

"धमकी म्हण, आमंत्रण म्हण."

"तिला सांगा, मी विचार करीन."

विचार कसला करायचा? माझी पोर आहे ती, मी तिला ओळखते. बोलावणार नाही म्हणाली म्हणजे खरंच बोलावणार नाही. हट्ट कुणाचा उचललाय? त्याच संध्याकाळी मी चांगला जाड पत्रा काढला आणि तिच्या दुकानाची पाटी रंगवायला घेतली. निळ्यावर पिवळं, कडेनं बारीक लाल रेघ. पोरीच्या दुकानावर दुसऱ्या कुणाच्या हातची पाटी लागलेली मला खपली नसती, रुसवा गेला खड्ड्यात. हे येता-जाता बघत होते, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. संसार टिकतो तो असा.

पाटी एवढी मोठी झाली की ती फक्त व्हॅनमध्येच मावली. शनिवारी सकाळी निघालो. नाका तो काय, हाकेच्या अंतरावर. मी नवी साडी नेसले होते, केसांना पिना लावल्या होत्या. वेळ हाताशी चिकार होता. पलीकडे पोचून अर्धा तास गाडीतच बसायचं आणि अकराच्या ठोक्याला उगवायचं, फार घाई दाखवायची नाही, असा माझा बेत.

नाक्यावरच्या तपासणीच्या साहेबीणबाई गाडीभोवती एक फेरी मारून मागे गेल्या त्या तिथेच थांबल्या. मला वाटलं, दार बघून खूश झाल्या असतील. लोक होतात.

"मावशी, जरा खाली या," त्या म्हणाल्या. "ही गाडी नक्की कुठली?"

"इथलीच की! या वळणावरची. तुम्ही रोज बघता."

"रोज उभी बघते. चालताना आज बघतेय." त्यांनी दारावर बोट ठेवलं. "मागची अक्षरं म्हणजे गाडीचा देश. मग हिला किती देश आहेत?"

"अहो, ते नमुने आहेत! ही गाडी नाहीच, पाटी आहे."

"पाटीला चाकं असतात?"

मागच्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं. वळून पाहिलं तर दाढीवाला ट्रकवाला, माझं जुनं गिऱ्हाईक.

"एक गाडी, एक देश," साहेबीणबाई म्हणाल्या. "जिथे नोंद तिथली अक्षरं. बाकी सगळी उतरवा."

पायाची आग मस्तकात गेली माझ्या, कारण ते वाक्य माझं होतं! दुकानाच्या भिंतीवर मीच रंगवलंय ते. हौशी पोरं येतात, हिंडून आलेल्या प्रत्येक देशाची अक्षरं मागतात, आणि मी त्यांना हेच ऐकवून हाकलून देते. शेकडो लोकांना शिकवलं असेल मी. आणि माझ्या स्वतःच्या गाडीकडे गाडी म्हणून मी एकदाही पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"बरं, तुमची स्वतःची कुठायत?" साहेबीणबाई वाकून शोधत होत्या. "सगळं जग दिसतंय, आपला देशच दिसत नाही."

खरंच नव्हता. आपली अक्षरं दुकानात ढिगानं पडलेली, रोज तीच जातात, त्यांची जाहिरात कशाला? आणि व्हॅन कधी पलीकडे गेलीच नव्हती. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात ह्यांनी शर्टाच्या खिशातून एक गोल काढून पुढे केला. आपल्या देशाचा, कोरा करकरीत.

"तुम्ही आणला होता? मग घरीच का नाही लावलात?"

"तूच सांगितलंयस ना, माझ्या दाराला कुणी हात लावायचा नाही."

व्हॅन बाजूला घेतली आणि मी पिशवीतली पट्टी काढून पहिलं स्टिकर खरवडायला घेतलं. त्यानंतर जे झालं ते शत्रूवर येऊ नये. स्टिकर हलेना. कोपरा उचलेना. नख घालून बघितलं, नख तुटलं. माझा गोंद! माझ्याच हातानं ढवळलेला, माझ्याच हातानं फासलेला गोंद!

दाढीवाला ट्रक बाजूला लावून आला, हातात भला मोठा चाकू.

"बाई, माझ्या जुन्या ट्रकला तुमची अक्षरं होती. विकताना काढायला गेलो, शेवटी फळकूट बदलावं लागलं."

"आत्ता सांगायचं सुचलं होय तुम्हाला?"

"तेव्हा कौतुक म्हणून सांगणार होतो," तो म्हणाला आणि चाकू लावून बसला. माणूस भला आहे, फक्त त्याला वेळेचं भान नाही.

साहेबीणबाईंनी आपल्या खोलीतून किटलीभर गरम पाणी आणून दिलं. पण नियमावरून त्याही हलायला तयार नव्हत्या. "मी सोडलं तरी पलीकडचे सोडणार नाहीत, मावशी. गाडी इथे ठेवा आणि पायी जा. पलीकडे टॅक्सी मिळेल."

हे म्हणाले, "खरंच, तू जा पुढे. मी बघतो इथलं."

"आणि पाटी? पाटी डोक्यावर घेऊन जाऊ? पाटीशिवाय मी जाणार नाही."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. रिकाम्या हातानं पोरीसमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. इतक्या दिवसांनी काय बोलायचं? पाटी असली की पाटीवर बोलता येतं. खिळे कुठे ठोकायचे, उजवीकडे सरकव, डावीकडे सरकव. नुसती मी आणि नुसती ती, हे मला जमलं नसतं.

दीड देश निघाला आणि अकरा वाजून गेले. मी घड्याळाकडे पाहत नव्हते, हे पाहत होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. मग ह्यांचा फोन वाजला. फोनमधला तिचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"बाबा, आई परत फिरली ना?"

"तिला सांगा..." मी सुरुवात केली.

ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग. खांब आज बंद आहे."

"अहो!"

"कायमचा बंद," हे म्हणाले, आणि माझ्या हातातली पट्टी घेऊन दाराशी जाऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझा शब्द असा कधी टाकला नव्हता. मुहूर्त बघा कसला निवडला!

फोन कानाला लावला. पलीकडे ती श्वास घेत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

"मने," मी म्हटलं, "मी फिरलेली नाही. नाक्यावर आहे. त्या दाराची अक्षरं काढल्याशिवाय सोडत नाहीत, आणि अक्षरं निघत नाहीत."

तिनं विचारलं, "गोंद कुठला?"

"आपला."

"आई गं!" आणि अशी हसली, अशी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मीही हसले. रडलेही असेन थोडी, नवी साडी होती म्हणून पदर डोळ्यांना लावला नाही. "थांब तिथेच," ती म्हणाली. "आले."

आली ती टॅक्सी पलीकडच्या नाक्यावर सोडून, पायी, धावतच. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात गरम हवेचं मशीन, गळ्यात वायरचं वेटोळं. बारीक झाली होती. केस कापले होते, शोभत होते. मी म्हणणार होते, किती वाळलीस गं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि डोळे वटारले.

"खरवडताय काय? पत्रा खराब कराल! आधी तापवायचं, मग खालून वर ओढायचं, सावकाश."

"मला शिकवतेस? तुला हे कुणी शिकवलं?"

"तूच! आणि स्वतः विसरलीस. सरक तिकडे."

साहेबीणबाईंनी खिडकीतून वायर आत घेऊन मशीन लावून दिलं. मनी तापवायची, मी ओढायची. मी ओढायला लागले की ती म्हणायची, थांब, अजून गार आहे. ती तापवायला लागली की मी म्हणायची, पुरे, रंग जळेल. दाढीवाला सोललेले देश गोळा करत होता आणि एकेकाचं नाव घेऊन निरोप देत होता. हे रस्त्याच्या कडेला दगडावर बसून शांतपणे चहा पीत होते. खांबाला सुट्टी मिळाली होती ना! इतकं भांडण आम्ही मायलेकींनी कित्येक दिवसांत केलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटचं निघालं तेव्हा दारावर गोल गोल डाग राहिले. बाकीचा रंग उन्हानं उडालेला, अक्षरांखालचा जसाच्या तसा. साहेबीणबाईंनी निरखून पाहिलं.

"हे काय?"

"डाग आहेत, मॅडम," मी म्हटलं. "डागाला देश नसतो."

त्या हसल्या. मी दार पुसून ह्यांच्या खिशातला गोल मधोमध लावला आणि फाटक वर गेलं. मनी आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि दुकान येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा बंद झाला नाही. जागा कशी मिळाली, भिंत कशी ओली होती, शेजारचा कसा खडूस आहे. मी नुसती ऐकत होते.

दुकान लहान आहे. पण उजेड छान येतो, आणि कापायचं टेबल तिनं खिडकीला लावलंय, म्हणजे अक्कल आहे. तिच्या ओळखीची चार माणसं बाहेर ताटकळत उभी होती, ती आता गप्पा मारत बसली होती. आधी पाटी लागली. खिळ्यांवरून आम्ही भांडलोच. मग मी शटर वर केलं. कुरकुरत होतं, तेल घाल म्हणून तिला बजावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला उगाच आपण कुणीतरी मोठे असल्यासारखं वाटलं.

चहापाणी झाल्यावर तिनं मला एकटीला मागच्या अंगणात नेलं. तिथे एक छोटी गाडी उभी होती. कुणाची तरी वापरलेली, पण पुसून लख्ख केलेली. नंबरप्लेट तिथली.

"परवाच घेतली," ती म्हणाली. "एक काम राहिलंय. ते तू कर." आणि माझ्या हातात तिनं एक लांबट गोल ठेवला. कडा माझ्यासारख्या कापलेल्या. अक्षरंही तिथलीच.

या देशाची अक्षरं मी स्वतः हजारदा कापली असतील, कधी काही वाटलं नाही. ती माझ्या पोरीच्या गाडीवर, तीही माझ्या हातानं?

"म्हणजे झालीसच ना इथली," मी म्हटलं. गोड बोलणं मला जमत नाही, आणि त्या वेळी तर मुळीच जमलं नसतं. "परत येणार नाहीस. तेच मला दाखवायला बोलावलंस."

मनी चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही.

"आई, भाजी आणायला जाताना ही अक्षरं लागतात?"

"नाही."

"गिऱ्हाइकाकडे पाटी पोचवायला लागतात? इथे गावात, या अख्ख्या देशात कुठेही फिरायला लागतात?"

"नाही लागत. काय शाळा घेतेस माझी?"

"मग कधी लागतात?"

"दुसऱ्या देशात जायचं असेल तर," मी म्हटलं.

"आणि दुसऱ्या देशात मला कोण आहे तुझ्याशिवाय?"

"मी आहे," मागच्या दारातून हे म्हणाले. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

जन्मभर मी तो गोल विकला. लोकांच्या गाड्यांवर लावला, नियम सांगितले, भिंतीवर रंगवले. आणि तो कशासाठी असतो हे मला माझ्या पोरीनं सांगावं लागलं. आता मात्र मी पदर डोळ्यांना लावला, साडी गेली उडत.

मग मी गुडघ्यावर बसले. धूळ पुसली, दोनदा पुसली. गोल सरळ धरला, मधून कडेला दाबत नेला, एक बुडबुडा राहू दिला नाही. मनी शेजारी बसून बघत होती आणि पहिल्यांदाच एकही चूक काढत नव्हती.

"उद्या रविवार आहे," मी उठता उठता म्हटलं. "जेवायला ये. आणि लवकर ये, मला वाट बघायला लावू नकोस."